आधी ट्रे उघडावा लागतो

१७ नोव्हेंबर, सोमवार

लग्न झालं, फोटो झाले, डोंबिवलीत मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचे "सुटली एकदाची" असे चेहरेही बघून झाले. अडतिसाव्या वर्षी लग्न केलं की लोक अभिनंदन करतात की सांत्वन, तेच कळत नाही.

आज ठाण्याला कोलशेतच्या सासरच्या घरून पहिल्यांदा ऑफिसला गेले. देवेश म्हणतो मी झोपेत ऑफिसचं बडबडते, त्यापेक्षा वहीत लिहून टाकत जा आणि आम्हाला झोपू दे. म्हणून ही वही.

घरात माझ्यासकट चार माणसं. देवेश, ज्याचं कोलशेत रोडला नळ-बेसिनचं दुकान आहे. आमच्या ऑफिसचं गळकं बेसिन बदलायला माणसं पाठवायचं सोडून तो स्वतःच येत राहिला, त्याचा शेवट रजिस्ट्रारसमोर झाला. त्याची आई ठमाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आगरी बोलीत भरभर बोलतात. निम्मं मला कळतं, उरलेलं मी हसून भागवते. आणि दहा वर्षांची संचिता. तिची आई भावना तीन वर्षांपूर्वी गेली. संचिता माझ्याशी नीट बोलते, पण मला कशानेच हाक मारत नाही. काही सांगायचं असलं तर माझ्या नजरेसमोर येऊन उभी राहते आणि माझं लक्ष जाईपर्यंत थांबते. मी म्हटलं, काकू म्हण, विनिता म्हण, काहीही चालेल. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा येऊन नुसती उभी राहिली.

मला अर्धवट कामं सहन होत नाहीत. एक घाव दोन तुकडे हा माझा स्वभाव. पण इथे घाव कुठे घालायचा तेच दिसत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात माझ्याकडे नवं काम आलं. आमचं सॉफ्टवेअर जुना कम्प्युटर नव्याच्या पोटात चालवतं. कारखान्यातलं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं मशीन मोडीत निघतं, पण त्यातला प्रोग्रॅम सोडवत नाही. मग आम्ही नव्या कम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कम्प्युटर उभा करतो. आतल्या बिचाऱ्याला तो खोटा आहे हे माहीतच नसतं. त्याला वाटतं, आपल्याला फ्लॉपी आहे, सीडीचा ट्रे आहे, कोणीतरी बटण दाबून तो उघडतंय. प्रत्यक्षात ट्रे नाही, फ्लॉपी नाही, सगळ्या नुसत्या फाइली. एक फ्लॉपी किंवा सीडी काढून दुसरी घालायची तर बाहेरून कमांड द्यायची. त्या कमांड कशा असाव्यात हे मी ठरवायचं.

सूरज माझ्याबरोबर आहे. सव्वीस वर्षांचा, डोंबिवलीचाच. त्याचं म्हणणं, चार वेगळ्या कमांड हव्यात: ट्रे उघड, आतली काढ, नवी घाल, ट्रे बंद कर. माझं म्हणणं, एकच कमांड, चेंज. नाव सांगा, जुनी गेली, नवी आली, विषय संपला. माणसाला चार वेळा त्रास कशाला? आणि ट्रे उघडा, आत काही नाही, अशी मधली अवस्था कोणाला दाखवायचीच कशाला? त्यानेच माणसं घाबरतात आणि आपल्याला फोन करतात.

सूरज म्हणाला, "आणि आतल्याने ट्रे लॉक केला असेल तर?"

मी म्हटलं, जबरदस्तीने उघडायचा. आतल्याला कळेपर्यंत नवी सीडी आत असेल. त्याने खांदे उडवले. मी सीनिअर, त्यामुळे चेंज ठरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

माझे कपडे अजून दोन बॅगांत आहेत. आमच्या खोलीतलं मोठं कपाट भावनाच्या साड्यांनी भरलेलं आहे. तीन कप्पे, गच्च. देवेशने तीन वर्षांत त्याला हात लावलेला नाही. तो म्हणाला, "तुला जागा करून द्यायला हवी, मला कळतं. पण मला ते उघडता येत नाही." असं म्हणून चहा गार होईपर्यंत बसून राहिला. मला त्याची फार माया आली. मी म्हटलं, तू नको उघडूस, मी बघते.

संचिता कधी कधी ते कपाट उघडून नुसती उभी राहते. आज मी खोलीत गेले तर तिने पटकन दार लावलं आणि म्हणाली, "पेन शोधत होते." साड्यांच्या कपाटात पेन! मला वाटतं, ते कपाट भरलेलं आहे तोवर पोरीची जखम काही भरायची नाही. रोज खपली काढल्यासारखं चाललंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. आज रजा टाकली आणि करून टाकलं.

सासूबाई त्यांच्या बहिणीकडे, रंगूमावशींकडे कल्याणला गेल्या आहेत. मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे महिनाभर तरी तिकडेच असतील. म्हटलं, ही संधी. भावनाच्या साड्या गेले चार-पाच दिवस लॉन्ड्रीत देऊन, थोड्या थोड्या करून धुऊन-इस्त्री करून आणल्या होत्या. दुसऱ्याची वस्तू परत करायची तर स्वच्छ करून करावी, ही माझ्या आईची शिकवण. धुतलेल्या साड्या परत कपाटातच, मागच्या बाजूला ठेवत होते, म्हणजे कोणाला काही कळायला नको. आज संचिता शाळेत गेल्यावर सगळ्या चादरींत बांधल्या आणि देवेशच्या दुकानाच्या टेम्पोतून खडवलीला पाठवल्या, भावनाच्या आईकडे, हौसाबाईंकडे. फोनवर त्या "पाठव बाय" एवढंच म्हणाल्या. दुपारपर्यंत माझे कपडे कपाटात लागलेसुद्धा. संचिताने गाठोडी बांधताना बघायला नको, ओकंबोकं कपाट तर मुळीच बघायला नको, म्हणून शाळा सुटायच्या आत आटपलं.

ती आली, बूट काढले, हात धुतले, आमच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. मी स्वयंपाकघरात घावनाचं पीठ ढवळत होते. ती बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागली."

रडणं नाही, चिडणं नाही. दोन घावनं खाल्ली. संध्याकाळी देवेशने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तू होतीस म्हणून झालं. मला रडू आलं. आनंदाचंच असावं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संचिताने न सांगता डबा धुऊन ठेवला. कानामागून आली आणि तिखट झाली असं मला कोणी म्हणेल ही भीती होती. तसलं काहीच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

चेंज कमांड मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात बसवली. माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून आहे तो. लहानपणी त्याच्या मागच्या नाल्याचं पाणी कुठल्या रंगाचं येतंय ते बघत शाळेत जायचो. तिथल्या लॅबच्या रुचिता मॅडम माझ्याच वयाच्या, कडक. त्यांचा रंग जुळवायचा प्रोग्रॅम फार जुना आहे. एकेका गिऱ्हाइकाच्या छटा एकेका फ्लॉपीवर, त्यामुळे दिवसभर फ्लॉप्या बदलत बसायच्या. मी चेंज दाखवली. एका ओळीत काम. त्या पहिल्यांदाच हसल्या. सूरजकडे मी मुद्दाम बघितलं.

घरी संचिता म्हणजे गुणांची पुतळी झालीये. अभ्यास करते, ताटात काही टाकत नाही, विचारलं तर "हो", नाही विचारलं तर गप्प. आधी निदान टीव्हीवरून बापाशी भांडायची. आता रिमोट त्याच्या हातात नेऊन देते. मुलं किती पटकन रुळतात. आपणच उगाच घाबरतो.

६ डिसेंबर, शनिवार

केर काढताना संचिताच्या पलंगाखाली तिची सहलीची बॅग मिळाली. गच्च भरलेली. फ्रॉक, स्वेटर, युनिफॉर्मचा जोड, कंपासपेटी, टूथब्रशसुद्धा. बहुतेक शाळेची सहल असणार आणि आम्हाला सांगायची राहिली असणार. मी स्वेटर नीट घडी करून पुन्हा आत ठेवला. सहलीचे पैसे भरायचे असतील तर देवेशला आठवण करायला हवी.

८ डिसेंबर, सोमवार

रुचिता मॅडमचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. एका गिऱ्हाइकाची फ्लॉपी काढून दुसऱ्याची घातली, छटा जपून ठेवल्या, आणि दुसऱ्या फ्लॉपीवर बघतात तर पहिल्याचीच यादी. दुसऱ्याच्या छटा नाहीशा. "तुमच्या एका ओळीने आमचे निळे गेले," म्हणाल्या.

दिवसभर तिथेच होते. आम्ही बसवताना घेतलेल्या कॉपीवरून बऱ्याच छटा परत आणल्या. गेल्या आठवड्यात नव्या केलेल्या मात्र गेल्या त्या गेल्याच. रुचिता मॅडम म्हणाल्या, त्या पुन्हा जुळवाव्या लागतील, पण पुन्हा जुळवलेला रंग तोच असेल असं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सापडलं. चूक माझीच, आणि अगदी साधी.

आतला जुना कम्प्युटर फ्लॉपीवर काय काय आहे त्याची यादी मनाशी धरून बसतो. फ्लॉपी बाहेर गेली, जागा रिकामी झाली, हे त्याने स्वतः पाहिलं तरच तो जुनी यादी सोडतो आणि नवी वाचतो. माझी चेंज इतकी चपळ, की मधली रिकामी अवस्था त्याला दिसलीच नाही. त्याच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. आत अजून पहिलीच आहे असं समजून तो निमूटपणे काम करत राहिला आणि पहिलीची यादी दुसरीवर लिहून मोकळा झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, वा, काय सुरळीत चाललंय.

म्हणजे जी अवस्था मी लपवली तीच गरजेची होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. सूरजला सांगितलं. तो "मी बोललेलो ना" म्हणाला नाही. माझ्यासाठी खालून चहा घेऊन आला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

संध्याकाळी मी वाळलेले कपडे घडी करत होते. संचिता समोर येऊन उभी राहिली. मी वर बघितलं.

"माझे कपडे कधी पाठवणार?"

"कुठे?"

"खडवलीला, आज्जीकडे. मी भरून ठेवलेत." मग माझ्या हातातल्या टॉवेलाकडे बघत म्हणाली, "फक्त मी शाळेत असताना नका पाठवू. मला सांगून पाठवा."

मी हसले. देवा, मी हसले. म्हटलं, अगं वेडे, तुला कोण पाठवतंय, तू तर या घराची मुलगी. तिने मान डोलावली, "बरं" म्हणाली, आणि माझ्या हातातला टॉवेल घेऊन घडी करायला बसली.

म्हणजे हे इतके दिवस. तो धुतलेला डबा, तो रिमोट, ते "हो". पोर वाट बघत होती. तिच्या आईच्या वस्तू एका दुपारी न सांगता गेल्या, तशी आपलीही पाळी येणार म्हणून. आणि चांगलं वागलं तर कदाचित टळेल म्हणूनही. मी तिला रुळलेली समजत होते. स्वेटर घडी करून मीच त्या बॅगेत परत ठेवला होता.

ऑफिसातलं घरी आणायचं नाही असा माझा नियम आहे. आज तो पाळता आला नाही. मी मानपाड्यात जे केलं तेच आधी इथे केलं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बॅग अजून पलंगाखालीच आहे. देवेशने तिला जवळ घेऊन दोनदा सांगितलं. तिने दोनदा मान डोलावली.

तो नंतर मला म्हणाला, "साड्या गेल्या हे बरंच झालं, असं मला वाटलेलं. मी सुटलो असं वाटलेलं. पोरीचं डोक्यातच नाही आलं रे माझ्या." बोलताना तो मलाही रे म्हणतो. मी त्याला दोष देऊ शकले नाही. कपाट माझ्या हातून रिकामं झालंय.

१४ डिसेंबर, रविवार

खडवलीला गेलो. कालच संचिताला विचारलं, आईच्या साड्या परत आणायला जायचंय, येशील? तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "माझी बॅग घ्यायची का?" मी म्हटलं, तुला हवी तर घे, नको तर राहू दे. ती बॅग घेऊन गाडीत बसली. अख्ख्या रस्त्यात ती तिच्या मांडीवर होती.

हौसाबाईंनी नातीला बघून तांदळाची भाकरी टाकायला घेतली. माझ्याशी त्या काय बोलतील या विचाराने मी चप्पल काढून दारातच उभी राहिले. त्यांनी मला आत नेलं. खाटेवर गाठोडी जशीच्या तशी, मी मारलेल्या गाठींसकट. वर एक स्वच्छ पंचा टाकलेला.

मी म्हटलं, तुम्ही उघडून पण बघितली नाहीत?

"माजी नवती सोराची," गाठींवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "पोरीची हाय ती. बोल्ले, आज नाय तं उद्या येल न्याला."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. लेकीच्या जागी आलेल्या बाईच्या पाठीवर असा हात ठेवायला काय लागत असेल, मला कल्पना करवत नाही.

गाठी संचिताने सोडल्या. वरची पिवळी साडी उचलून तिने नाकाला लावली. पुन्हा लावली. मग दुसरी, मग तिसरी.

"धुतल्या?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तेव्हा मला कळलं, ती कपाट उघडून का उभी राहायची. तीन वर्षं कपाटाच्या दाराआड राहिलेला वास मी लॉन्ड्रीत देऊन, वर कडक इस्त्री मारून आणली होती. हे कुठल्याही कॉपीवरून परत आणता येणार नाही. मी खाली बसले आणि रडले, हौसाबाईंसमोर, देवेशसमोर, लाज न बाळगता.

संचिता माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आई पण धुवायचीच."

दहा वर्षांची पोर मला समजावत होती.

१५ डिसेंबर, सोमवार

माझे कपडे काढून पुन्हा बॅगांत भरले. कपाट पूर्ण रिकामं केलं, पुसलं आणि दार उघडं ठेवलं. हे सगळं संचितासमोर केलं. तिला सांगितलं, यात काय ठेवायचं, कधी ठेवायचं, ते तू ठरव. काही नाही ठेवलंस तरी चालेल. आईच्या साड्या तिच्या पलंगावर आहेत, भिंतीच्या बाजूला, गाठोड्यांत. ती त्यांना टेकून अभ्यास करते.

तिची बॅग आज पलंगाखाली नाही. कपडे तिच्या छोट्या कपाटात परत गेलेत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कमांड नव्याने मांडल्या. चार वेगळ्या, सूरज म्हणाला होता तशाच. पण खरा वेळ पहिलीवर गेला. ट्रे उघड म्हटलं की आता ट्रे लगेच उघडत नाही. आतल्याला आधी विनंती जाते. त्याने लॉक केलं असेल तर बाहेरच्याला उत्तर मिळतं, विनंती पोचली, ट्रे अजून बंद आहे, थांबा. आतला आपलं काम आवरतो, स्वतः लॉक सोडतो, तेव्हा ट्रे उघडतो आणि आपल्याला कळवतो. फ्लॉपीला लॉक नसतो, तिथे आम्ही रिकामी अवस्था टिकवून धरतो, आतल्याने रिकामी जागा बघितल्याशिवाय नवी फ्लॉपी घालूच देत नाही. जबरदस्तीचा पर्याय आहे, आतला मेलाच असेल तर लागतो, पण तो वेगळा मागावा लागतो. आपोआप होत नाही.

सूरजने विचारलं, आतला किती वेळ घेईल? मी म्हटलं, त्याला लागेल तेवढा. तो म्हणाला, विनिता, तू बरी आहेस ना?

२२ डिसेंबर, सोमवार

रुचिता मॅडमना नव्या कमांड दाखवल्या. त्या म्हणाल्या, आधी एक ओळ होती, आता चार. मी म्हटलं, हो. त्यांनी एक फ्लॉपी काढली. पडद्यावर "रिकामा" असं आलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग दुसरी घातली. निळे निळ्यांच्या जागी, लाल लालांच्या. म्हणाल्या, चालेल, यात निदान काय चाललंय ते दिसतंय. गेलेल्या छटा त्या अजून जुळवतायत.

२९ डिसेंबर, सोमवार

सासूबाई कल्याणहून आल्या. उघडं कपाट बघून त्यांनी विचारलं, देवेशने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण येता-जाता कपाटाच्या उघड्या दारावर त्यांचा खांदा आपटतो आणि प्रत्येक वेळी त्या आपटून घेतात, दार मात्र लावत नाहीत.

कपाट अजून रिकामंच आहे. मी रोज बॅगेतून चुरगळलेला कुडता काढून ऑफिसला जाते. मला वाट बघता येत नाही हे मला माहीत होतं, पण इतकी येत नाही हे नव्हतं. आज तर मनात आलं, तिला हळूच सुचवावं, एखादा कप्पा तरी. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. कधीकधी भीती वाटते, ती कधीच काही ठेवणार नाही आणि मी या घरात बॅगांवरच म्हातारी होईन. तसं झालं तर तसं. पोर इथे आहे, बापाशी पुन्हा रिमोटवरून भांडते, काल तर उशी फेकून मारली. मला कोण आनंद झाला.

१० जानेवारी, शनिवार

नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणून सासूबाईंनी काळी साडी आणली, बारीक चंदेरी बुट्ट्यांची. माझी आई हलव्याचे दागिने घेऊन डोंबिवलीहून येणार आहे. चाळिशीला टेकलेली बाई हलव्याचा मुकुट घालून बसणार! मी देवेशला म्हटलं, फोटो काढलास तर बघ.

सासूबाईंनी मला देवघरापाशी नेलं. तिथे घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक आहेत. एक नवा, भावनाचा. त्यांच्यात रीत आहे, दुसरी बायको नवं वस्त्र एकदम अंगावर घालत नाही.

"नवी सारी आधी तिला दाखवाची," त्या म्हणाल्या. "तिला इचाराचा. मंग आंगाव घालाची."

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? लग्नातही मी नवी साडी नेसले होते. त्या म्हणाल्या, तू शिकलेली, तुला पटेल की नाही काय माहीत. आणि म्हणाल्या, तिला विचारायला तू स्वतःहून येतेस का, ते बघत होते.

साडी टाकासमोर ठेवली. हात जोडले. काय विचारायचं ते नीट सुचलं नाही. मनात म्हटलं, भावना, मी इथे आहे, चालेल ना? उत्तर कसं येतं ते सासूबाईंनी सांगितलेलं नाही. संक्रांतीपर्यंत साडी तिथेच ठेवायची आहे.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी आंघोळ करून आले तर देवघरासमोर साडी नव्हती. माझा जीव गेला. शोधत खोलीत आले.

संचिता कपाटासमोर जमिनीवर बसली होती. गाठोडी सोडलेली, भोवती साड्यांचा पसारा, आणि माझी काळी साडी तिच्या मांडीवर. मी दारातच थांबले. तिने बघितलं, पण थांबली नाही. एकेक साडी उचलून वरच्या कप्प्यात ठेवत होती, न मावणाऱ्या पुन्हा गाठोड्यात. हात पुरत नव्हता म्हणून स्टूल घेतलं होतं. मला खूप वाटलं पुढे होऊन हात द्यावा. दिला नाही. पिवळी सगळ्यात वर ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. मग खाली उतरून माझी काळी साडी खालच्या कप्प्यात ठेवली. एकटीच, मधोमध.

"वरचा आईचा," ती म्हणाली. "खालचा तुझा. मी तिला विचारलं."

मी विचारलं, "आणि मधला?"

"माझा. मी साड्या नेसायला लागले की."

"तोपर्यंत तुझे फ्रॉक ठेवायचे का त्यात?"

तिने विचार केला. अगदी मनापासून, कपाळाला आठी घालून.

"नको. तोपर्यंत रिकामा राहू दे."

मी म्हटलं, बरं.

बाहेर माझी आई आणि सासूबाई तिळगुळाच्या पाकावरून वाद घालत होत्या, दोघींनाही एकमेकींचं निम्मंच कळत होतं. संचिताने स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. मी विचारलं, दार लावू का, की उघडंच ठेवू? ती कपाटाकडे बघत उभी राहिली. मी थांबले.

"लाव," ती म्हणाली. "पण आधी तुझी साडी घे. ती नेसायची आहे ना तुला आज?"